पंख्याची पावलं

"पंखा? मी पंखा?" मी पातेलं ओट्यावर आपटलं.

सूनबाईने जीभ चावली. तिच्या पोटात काही राहत नाही. आमचे चिरंजीव मात्र ताटात तोंड घालून जेवत राहिले.

"अहो, तुम्हीच सांगा ना आईंना," ती त्याला म्हणाली.

"काय सांगायचंय त्यात? साहेबांनी विचारलं, मीटिंगमध्ये तू माझ्यासमोर बसलेला, मग त्याच दोन तासांत तुझ्या नावावर पाच हजार पावलं कशी पडली? काहीतरी सांगायला हवं होतं. म्हटलं, गंमत म्हणून घड्याळ पंख्याला बांधलं होतं. सगळे हसले. विषय संपला."

"आणि पावलं?"

"खोडली. माझ्या नावावरची सगळी."

मी हॉस्पिटलात आया आहे, सत्तावीस वर्षं. पेशंट एक्स-रेला न्यायचे, रक्ताच्या बाटल्या खालून वर, रिपोर्ट वरून खाली. लिफ्ट चालू असेल तो दिवस भाग्याचा. ह्याचे वडील गेले तेव्हा हा दुसरीत होता; ह्याच पायांवर त्याला वाढवला. मला सही येते आणि आकडे वाचता येतात. तेवढ्यावर माझं काही अडलं नाही.

त्याच्या कंपनीने टूम काढली होती. प्रत्येकाने मनगटाला घड्याळ बांधून चालायचं, सगळ्यांची पावलं मोबाइलवर गोळा व्हायची, आणि दर दहा लाख पावलांमागे कंपनी आमच्या हॉस्पिटलला चाकांची एक खुर्ची देणार. वॉर्ड बारा, म्हणून खुर्च्या बारा. "आई, तू नाहीतरी चालतेसच," म्हणत ह्याने घड्याळ माझ्या हातात चढवलं. हा बसल्या जागी पहिला नंबर काढणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या बाराव्या वॉर्डातल्या खुर्चीला पाय ठेवायची पाटीच नाही. म्हातारी माणसं पाय अधांतरी धरून बसतात, दमली की सोडतात, आणि वळणावर त्यांच्या टाचा सोलवटतात. म्हटलं, नाव कुणाचंही लागो, खुर्ची येऊ दे.

रोज पंचवीस हजार. चाळीस दिवसांत दहा लाख झाली. एक अख्खी खुर्ची मी एकटीने चालून आणली होती. वॉर्डभर सांगत सुटले होते. एका आजोबांना तर म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हाला साहेबासारखं बसवून नेते."

"माझी आई चालते, असं म्हणायला काय जीभ झडली असती?" मी विचारलं.

"आई, तेही खोटंच ठरलं असतं. ज्याचं घड्याळ त्यानेच घालायचं असतं."

"चोरी कबूल करायचीच होती, तर केली ती करायचीस. पंखा कशाला मध्ये आणलास?"

सूनबाई ओट्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "ऑफिसात त्यांना वाटतं, तुम्ही शाळेत शिकवत होतात. रिटायर झालात."

"काय शिकवत होते मी?"

"गणित," तो म्हणाला.

मी हसले. इतकी हसले की सूनबाई घाबरली. मग घड्याळ सोडलं, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि हात धुतले.

खुर्च्या आल्या त्या अकरा. हॉस्पिटलच्या दारासमोरच्या उतारावर ओळीने मांडल्या होत्या, प्लॅस्टिकसकट. कंपनीची माणसं एकसारखे निळे टी-शर्ट घालून आलेली. त्यात हाही.

मेट्रनने हाक मारली, "मावशी, एखादा पेशंट आणा बघू, फोटो काढायचाय."

मी आजोबांनाच आणलं. नव्या खुर्चीत बसवलं, पाय उचलून पाटीवर ठेवले. ते आपल्या पायांकडेच बघत राहिले.

टी-शर्टातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, दिवसाला किती चालणं होत असेल हो तुमचं?"

मी ह्याच्याकडे बघितलं. तोंडचं पाणी पळालं होतं. लहानपणी ताप चढला की असाच दिसायचा.

"मी कशाला मोजू? त्याला शिकलेली माणसं आहेत," मी म्हणाले. सगळे हसले.

फोटोवाला मला हाताने बाजूला सारत होता. मग हाच पुढे आला. "मावशी, जरा मागे व्हा."

तिथे सगळेच मला मावशी म्हणतात. सत्तावीस वर्षांत कधी टोचलं नव्हतं.

"हो, साहेब," मी म्हणाले आणि मागे झाले. खुर्चीच्या मुठी मात्र सोडल्या नाहीत. उतार होता, आजोबा गडगडले असते.

अकरा खुर्च्या पहिल्या अकरा वॉर्डांना गेल्या. फोटो मोठा करून लिफ्टशेजारी लावलाय. मध्ये आजोबा, दोन्हीकडे निळे टी-शर्ट, आणि खुर्चीच्या मुठींवर दोन हात. हातांच्या वरचं कापलंय.

परवा आजोबांना जुन्या खुर्चीतून एक्स-रेला नेत होते. फोटोपाशी आल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. बराच वेळ निरखून बघितलं.

"हे हात तुमचे," ते म्हणाले.

"हो. पाय वर धरा आजोबा, वळण आलं."