शकुबाईचे कान

"ह्यो कोन?" शकुबाईने विचारलं.

"आजी, असं काय करता? तुमचे वडील!" संदेशने मोबाइल तिच्या नाकापाशी धरला. डोक्याला जरीचा फेटा, पिळदार मिशा, कपाळाला गंध, मागे फडकता तिरंगा. रंग तर असा गोरा, की या माणसाने जन्मात कधी उन्हात पाय टाकला नसावा.

मळवलीत हुतात्मा धोंडिबांचा गौरव सोहळा होता. संदेश ज्या राजकीय गटाचा कार्यकर्ता होता, त्याचा फ्लेक्स उद्या लागणार होता, दुसऱ्या गटाचाही लागणार होता. निवडणूक तोंडावर आली की मेलेल्या माणसांना मागणी येते. त्याआधी सत्तर वर्षं या गावाला धोंडिबा कधी आठवला नव्हता.

पंचावन्न सालच्या ऑगस्टमध्ये धोंडिबा सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर गोव्याच्या हद्दीत शिरला. हातात झेंडा, बाकी काही नाही. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. प्रेतही आलं नाही. शकुबाई तेव्हा आईच्या पोटात होती. रेल्वेच्या रुळांवर खडी टाकणाऱ्या माणसाचा फोटो त्या काळी कोण काढणार? घरातल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, शेजारी बापाची जागा मोकळी होती.

आई मात्र सांगायची, "शके, तुजं कान बापाचं हायत. सुपावानी." तेवढ्यावर शकुबाईने आयुष्य काढलं. रोज सकाळी बंगल्यावर झाडलोटीला निघण्याआधी ती आरशापुढे उभी राहायची, केस कानांमागे सारायची आणि बापाला बघायची. त्या कानांभोवती तिने एक काटकुळा, सावळा, हसरा माणूस उभा केला होता. कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता, पण तिचा होता.

"ह्यो न्हाई माजा बाप," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही तरी कुठे बघितलंय त्यांना? एआयने केलाय, एकदम ओरिजिनल वाटतो. आमच्या साहेबांनी पास केलाय."

"ह्याचं कान कुटं हायत? फेट्यात गेल्यात. माज्या बापाचं कान माज्यागत व्हतं." आणि तिने पदर खाली घेऊन कान दाखवले. भोळेपणाने, पाहुण्याला घर दाखवावं तसे.

"मग आधी नाही का सांगायचं!" संदेशने तिच्या कानांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

"दादा, आजीला विचारा तरी," नात पायल म्हणाली.

"अगं, त्यांच्याच वडिलांसाठी चाललंय."

त्याच्या मनात खोट नव्हती. शिसारी येते ती त्याचीच.

बघता बघता फेटा वर सरकला आणि त्या गोऱ्यापान माणसाला शकुबाईचे कान फुटले. जड झुब्यांनी तिची डावी पाळी फाटली होती. ती फाटसुद्धा त्याला आली. संदेश खूश झाला. शकुबाई बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर दोन फ्लेक्स होते. दुसऱ्या गटाचा धोंडिबा रोडका होता, गांधी टोपीतला. कान मात्र तेच, फाटक्या पाळीसकट. पहिला फ्लेक्स रात्रीच व्हॉट्सॲपवर फिरला होता, त्यांनी ते त्यावरून उचलले होते. खाली दोन्ही गटांची पोरं खरा धोंडिबा कुणाचा यावरून एकमेकांच्या गचांड्या धरत होती. साहेबांनी भाषणात पोर्तुगीजांना दोनदा इंग्रज म्हटलं आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. शकुबाईला मिळालेल्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती याआधी किती जणांच्या खांद्यावर पडून परत गेली होती कोण जाणे.

सोहळ्यात हे सगळं झालं, ते एकवेळ चाललं असतं. शकुबाईने शाल घडी करून ठेवून दिली आणि फ्लेक्स आज ना उद्या कुणाच्या तरी गोठ्यावर जातील म्हणून सोडूनही दिलं असतं.

पण सकाळी ती आरशापुढे उभी राहिली. केस मागे सारले. मिशीवाला आला. तिने डोळे मिटले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा बघितलं. मिशीवालाच होता. मग टोपीवाला आला. काटकुळा, सावळा माणूस काही केल्या येईना.

"आजी, काय शोधतीस गं?" पायलने विचारलं.

"काय न्हाई."

शकुबाईने केस पुढे ओढले, दोन्ही कानांवरून पदर घट्ट गुंडाळला आणि हनुवटीखाली मुठीत धरून ती कामाला निघाली.