अर्ध्या घंटीचा फोन

बेळगावच्या कार्यालयात दिपालीच्या टेबलावरचा फोन अर्धीच घंटी वाजायचा आणि गप्प व्हायचा. सकाळपासून अकरा वेळा असं झालं होतं.

दूध संघाच्या जनावरांच्या दवाखान्याचा हा नंबर निपाणी-बोरगावकडच्या कितीतरी गोठ्यांच्या दारांवर रंगवलेला. महिन्यापूर्वी डॉक्टर बेळगावला बसू लागले, पण नंबर राहिला निपाणीच्या आयएसडीएन नावाच्या जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवर; तो काही उचलून आणता येत नव्हता. म्हणून काल दिपालीने तिथे जाऊन भिंतीतल्या जोडणीला एक डबी लावली. डबीने फोन इंटरनेटवरून पाठवायचा, इथल्या संगणकातल्या एक्सचेंजने तो घेऊन दिपालीच्या टेबलावर वाजवायचा. आज पाचपर्यंत हे जमलं नाही, तर लाइन परत करून नवा नंबर घ्यायचा, असं व्यवस्थापक महादेव सरांनी बजावलं होतं. अर्जही लिहून तयार होता.

"मग दारं कोण रंगवणार, सर?"

"तूच. ब्रश मी देतो."

दिपालीने संगणकातली नोंद उघडली. फोन आला, दुसरीकडे उचलला गेला. दुसरीकडे म्हणजे कुठे? निपाणीत तर आता औषधांची खिडकी तेवढी उरली होती. तिने मोबाइलवरून स्वतःच तो नंबर फिरवला.

"बोला, गाय का म्हैस?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"अं... मी दिपाली, बेळगाव ऑफिसातनं. तुम्ही कोण?"

"अंबुबाई. औषधं देते न्हवं का खिडकीवर."

"पण आक्का, तिथला फोन तर आम्ही नेला! इथं माझ्या टेबलावर अर्धाच वाजून गप होतोय."

"टेबलावरचा नेलासा. खिडकीतला ऱ्हायला की! पर मला सांग, तुझ्याकडं बी वाजतोय व्हय? मग मी उचलला की तुझा गप का हुतोय?"

दिपाली घाईत होती, तरी हा प्रश्न तिला फार आवडला. "वर्गात बाई प्रश्न विचारतात, तो सगळ्या पोरांना ऐकू येतो ना? तसं त्या जोडणीवर जेवढी यंत्रं, तेवढी एकदम वाजतात. माझी डबी त्यातलंच एक. पहिला हात ज्याचा, उत्तर त्याचं."

"म्हंजे मी पुढच्या बाकावरची!" अंबुबाई खूश झाल्या. "आन् एक जण बोलत असताना दुसरा फोन आला तर?"

"एका वेळी दोन चालतात. दुसरा फोन पुन्हा सगळीकडं वाजतो. पण आक्का, पुढच्या खेपेला दोन घंट्या थांबाल? डॉक्टर इथं आहेत, आणि पाचच्या आत फोन इथं आला नाही तर नंबरच जाईल."

"अगं बाई! पर बावीस वरसं घंटी पुरी वाजू दिली न्हाय मी. हात ऐकायचा न्हाय."

"मग हातावर बसा."

पावणेपाचला घंटी झाली. एक. दिपाली खुर्चीतून अर्धी उठली. दोन. तिने झडप घातली आणि तोंडातून आपोआप निघालं, "बोला, गाय का म्हैस?"

"म्हैस. दोपारपास्नं कळा देतीया." पलीकडचा माणूस अडखळला. "अंबुआक्का न्हाईत व्हय?"

"आहेत. पण आधी डॉक्टरांशी बोला." तिने फोन आतल्या खोलीत जोडून दिला.

महादेव सरांनी अर्ज दुमडून खणात टाकला. तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा वाजला, अर्धाच, आणि थांबला.

"आता हा कुणी उचलला?"

"पुढच्या बाकानं, सर," दिपाली म्हणाली.