अकरा बुंध्यांचे श्रेय

"काळकोंडीच्या राखीव जंगलात गेल्या तीन वर्षांत बहात्तर साग तुटले. पैकी अकरा बुंध्यांना उत्तम फुटवा आला, तो खात्याच्या शास्त्रशुद्ध तोडीमुळे. एकसष्ट कुजले, ते गावकऱ्यांच्या अडाणी व चोरट्या तोडीमुळे." १९२७ सालच्या सरकारी अहवालातील ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यांच्याविषयी याहून बरे काही बोलता येत नाही.

याच वाक्यांच्या बळावर दादू या गावसुताराला अलिबागच्या कोर्टात उभे केले होते. एकसष्ट सागांची चोरी शाबीत झाली तर त्याला सहा महिने तुरुंग. शिवाय घरे बांधण्यासाठी जंगलातून किरकोळ लाकूड आणण्याची गावाची मुभाही बंद. वकीलपत्र माझ्याकडे होते.

मी डोंगरावर जाऊन बुंधे पाहिले. अहवालकर्त्यांनी एवढी तसदी घेतलेली नसावी. कुजलेले एकसष्टही बुंधे गुडघाभर उंच, करवतीने सपाट कापलेले. माथ्यावर पावसाचे पाणी साचून गाभा सडलेला. दोघांनी ओढायची ती करवत दादूकडे नव्हती. सरकारी मक्तेदाराकडे होती. शिवाय प्रत्येक बुंध्याच्या तळाशी सरकारी हातोड्याचा शिक्का होता, म्हणजे तोडीला खात्याचीच मंजुरी. चोर सरकारी हातोडा घेऊन हिंडतो, हे मानायला कायद्यापेक्षा कल्पनाशक्ती अधिक लागते.

उरलेल्या अकरा बुंध्यांवर शिक्का नव्हता. ते जमिनीलगत, कुऱ्हाडीने, उतरते छाटलेले होते. त्यांच्याविषयी मी कोर्टात अवाक्षर काढणार नव्हतो. दादूलाही बजावले, "विचारल्याशिवाय बोलायचे नाही."

त्याची बायको मैना हसली. "घरात चार-चार दिस ह्यांच्या तोंडातून सबूद निघत न्हाय, वकीलसायेब. हितं सरकारासमोर कशाला बोलतील?"

कोर्टात माझी शिक्क्यांची यादी वाचून झाल्यावर मॅजिस्ट्रेटांनी अहवालावर सही करणाऱ्या रेंजर दत्तात्रेयरावांकडे चष्म्यावरून पाहिले.

"एकसष्ट तर तुमच्याच मक्तेदाराचे निघाले. अकरांचे काय?"

"ते खात्याचेच, साहेब. माझ्या देखरेखीखाली तोडलेले."

मी मान खाली घातली. हे धडधडीत खोटे होते, आणि त्याच खोट्याने माझा अशील सुटत होता. अकरा साग सरकारनेच तोडले असतील, तर चोरी उरली कुठे? मॅजिस्ट्रेटांनी निकाल लिहायला टाक उचलला.

परंतु विद्वत्तेला विराम ठाऊक नसतो. "करवतीने सपाट काप घ्यायचा आणि वर डांबर फासायचे," दत्तात्रेयराव म्हणाले. "हे पुस्तकातून शिकावे लागते, साहेब. या लोकांच्या बापजन्मी असले काम व्हायचे नाही."

"डांबर?" आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"दादू, गप्प!" मी म्हणालो.

"अवो, पन डांबरानं कोंब गुदमरंल की! रावसायेब, तुमी कंदी झाड तोडलंय का नुसती सही केलीय?"

कोर्टात हशा पिकला. मैना दारातून कळवळून ओरडली, "अवो, गप रव्हा ना! सुटत हायसा तुमी!"

मॅजिस्ट्रेटांनी टाक खाली ठेवला. "आरोपीला काही सांगायचे आहे का?"

माझी हरकत फेटाळली गेली. पुढचा जबाब कारकुनाने शब्दशः उतरवून घेतला आणि खाली दादूचा अंगठा उठवला:

"अकरा साग म्या तोडलं. वद्य पक्षात तोडलं, म्हंजी लाकडाला कीड लागत न्हाय. सरकारचा मानूस तवा डोंगरावर आलाच न्हवता. कुऱ्हाड भुईला घासून मारली, काप उतरता ठिवला, साल फाटू दिली न्हाय. कोंब आलं तवा बुंध्यामागं एकच राखला, बाकीचं खुडलं. गावात पाच घरं त्या खांबांवर उभी हायती. चोर म्हना, सायेब, व्हय, चोरच म्या. पन त्यो काप ह्यांचा न्हाय. माझा हाय."