घरपट्टीवरचं नाव

"घरपट्टीवरचं नाव सांगा, मॅडम," फोनमधली पोरगी तिसऱ्यांदा म्हणाली.

"आकांक्षाचे बाप," वच्छलाही तिसऱ्यांदा म्हणाली.

अकोटातल्या त्या दोन खोल्यांत इंटरनेट आलं होतं. म्हणजे तार आली होती, डबी भिंतीवर चढली होती. दिवा मात्र लाल. अर्ज करणाऱ्यानं आपल्या तोंडानं घरमालकाचं नाव सांगायचं, ते कागदाशी जुळलं की मग कंपनी तारेत जीव सोडणार. अर्ज वच्छलाचा, घर नवऱ्याच्या नावावर.

आकांक्षा पाळण्यात होती तेव्हा नवरा सुरतेला गेला, आणि तिथंच एकीचा झाला. आधी रीत म्हणून वच्छला त्याचं नाव घेत नसे, मग शपथ म्हणून. दारावर पंजाबी ड्रेस विकणारा आला, तर त्यालाही ती 'सलवारवाला' म्हणे!

"ते घरी आहेत का?"

"घरी असते तं तुह्यासंग कायले बोलत बसली असती व?"

"नाव जुळलं नाही तर अर्ज रद्द होईल, मॅडम."

तार लावणारा इनायतुल्ला शिडीवरून कळवळला. "भाभी, बोलून टाका ना एक डाव! मी सांगतलं तं चालत नाही. आवाज रेकॉर्ड होऊन राहिला."

बोंडअळीचं वर्ष. कापूसच नाही तर जिनिंग कुठलं चालतंय? वच्छलाची मजुरी दिवाळीआधीच बंद पडलेली. पोरीला घरबसल्या फोनवर बोलायचं काम लागलं होतं. दुपारपर्यंत दिवा हिरवा झाला तरच. आकांक्षा बापासारखी खाली मान घालून उभी राहिली.

"पंजाबराव," वच्छला पुटपुटली.

"आवाज कापला, मॅडम. पुन्हा?"

"पंजाबराव!"

बंद जिनिंगचा भोंगा तेव्हा आपोआप वाजला, असं अकोटात सांगतात. भोंग्याचं राहू द्या; दिवा हिरवा झाला.

इनायतुल्ला ज्या घरी तार लावी, त्या घरमालकाचंच नाव वायफायला देई. घोटाळा नको म्हणून. संध्याकाळी शेजारची तानुबाई मोबाईल नाचवत ओट्यावर आली.

"वच्छले, पंजाबराव आला व तुह्या घरी! पाह्य, टावर फुल्ल. पासवर्ड तेवढा मांगते!"

वच्छलाचा हात जुन्या सवयीनं पदर डोक्यावर घ्यायला गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याच पदरानं तिनं तोंड पुसलं.