प्रितेश रोज बघतो

"कॅमेऱ्याचा दिवा कधीचा लाल झालाय, तर पोराला मी पन लाल दिसत असेन काय रे सिद्धेश?"

कमळीमावशीने इतक्या काळजीने विचारलं की मला हसू आवरेना. नायगावात खाडीकडच्या घरांना इंटरनेट जोडून देणं हे माझं काम. मावशी एकटीच असते. मुलगा प्रितेश लग्नानंतर स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहायला गेला. जाताना ओटीवर कॅमेरा लावला आणि म्हणाला, "आई, मोबाइलवर रोज बघतो मी तुला." तेव्हापासून संध्याकाळ झाली की मावशी केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून कॅमेऱ्यासमोर भाजी निवडायला बसते. तो मात्र सणासुदीलाच उगवतो. रिक्षाने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत हो!

"लाल कशाला दिसशील? थांब, बघतो," म्हणत मी लॅपटॉप उघडला. मला एक वाईट खोड आहे. काम करता करता समोरच्याला समजावत बसतो, त्याने विचारो न विचारो.

"हा डबा म्हणजे राउटर. घरातल्या प्रत्येक यंत्राला हा एक पत्ता देतो. तुझ्या फोनला एक, टीव्हीला एक. आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला. पत्ता असेल तरच निरोप पोचतो."

"टपालासारखं."

"बरोब्बर! आणि बोलायचे नियमही ठरलेले. प्रोटोकॉल. एक विचारणार, 'ऐकतोस का?' दुसरा म्हणणार, 'ऐकतोय, तुला माझं ऐकू येतंय ना?' पहिला म्हणणार, 'येतंय.' मगच पुढचं बोलणं."

"मानसांपरीस बरे म्हनायचे," मावशी गवारीच्या शेंगा मोडत म्हणाली.

"आता कॅमेऱ्याला पिंग करतो. म्हणजे नुसती हाक मारायची. असला तर ओ देईल."

ओ आली नाही. दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, होळीला कंपनीने राउटर बदलला ना! त्याचं नाव नवं, पासवर्ड नवा. कॅमेरा बिचारा अजून जुन्यालाच शोधतोय. तेव्हापासून ह्याचं चित्र घराबाहेर गेलेलंच नाही!"

कोडं सुटल्याच्या आनंदात मी बोलून गेलो. मावशीचे हात थांबले.

"होळीपासनं? आता गनपती झाले की रे."

मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं.

"म्हनजे मी रोज बसायची ती... पन परवाच फोनवर बोलला, आई, रोज बघतो तुला."

का बोललो मी? दिवा लाल झाला होता, निळा करून दिला असता आणि घरी गेलो असतो. कोणी सांगितलं होतं शिकवायला?

नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की कॅमेरा आपोआप जोडला जातो. पण ते प्रितेशलाच ठाऊक. हात कामात होते, म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"पासवर्ड? कशाला रे?" प्रितेश म्हणाला. "चालू तर आहे कॅमेरा. डेली बघतो मी."

माझं टाळकंच सरकलं. चांगलं सुनावायला तोंड उघडलं, तोच मावशीने माझा हात घट्ट दाबला आणि ती फोनपाशी वाकली.

"कालपासनं बंद पडलाय रे बाबू. त्याच्याआधी चांगला होता."

"तेच म्हटलं! काल का नाही दिसलीस!"

मावशीने माझ्याकडे पाहिलंच नाही. प्रितेशने नाव आणि पासवर्ड सांगितला, मी राउटरमध्ये घातला. थोड्या वेळाने दिवा निळा झाला.

"हां, आता दिसतेस बघ आई. हात कर."

मावशीने हात वर केला. हसलीसुद्धा. "जेवलास काय रे?"

"मीटिंग आहे, ठेवतो."

फोन बंद झाला. मावशी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली, आणि मगच तिने पदर डोळ्यांना लावला.