पाहणीतला ह

सोमवारी सकाळी आलेल्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. पत्रात म्हटलंय काय हे कळून घेण्याआधी पाणीवाल्या बाईंनी त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. सवयच होती ती. लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, चूक दिसली की त्यांचा हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे जायचा. मग त्यांनी पत्र पहिल्यापासून वाचलं.

'सदर प्रयोगशाळा शासनाच्या कोणत्याही विभागाच्या अखत्यारीत असल्याचे दिसून येत नाही. सबब खोली क्रमांक १७ व १८ महिनाअखेर रिकाम्या करून वास्तू शाखेच्या ताब्यात द्याव्यात.'

"काय म्हणतायत?" मावशींनी विचारलं. मावशी प्रयोगशाळेच्या मदतनीस. दोन खोल्यांच्या या संसारात बाई आणि त्या, अशी दोनच माणसं.

"आपण नाही आहोत म्हणतायत."

"मग पत्र कुणाला लिहिलंय?"

हा प्रश्न बाईंनाही पडला होता. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते. राज्यभरातून, शाळांच्या टाक्यांतून, दवाखान्यांच्या नळांतून आणि गावोगावच्या विहिरींतून बाटल्या यायच्या. बाई पाणी तपासायच्या आणि 'पिण्यायोग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' लिहून कळवायच्या. एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या, आणि सबंध सरकारात हे दुसरं कुणीही करत नव्हतं. याच घटकेला चाळीस शाळांचे नमुने, जिवाणू वाढतात का ते बघायला, उबवण-पेटीत होते. पेटी साडेचव्वेचाळीस अंशांवर ठेवावी लागते. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी बाईंचा चेहरा उतरायचा. ती पेटी हातगाडीवर घालून कुठे न्यायची?

बाई निघाल्या. आधी आरोग्य विभाग, कारण हजेरीपट तिथे जायचा.

"पाणी म्हणजे पाटबंधारे," तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं.

पाटबंधारे विभाग बाटल्या पुरवायचा. तिथले अधिकारी म्हणाले, "आमचं पाणी कालव्यात असेपर्यंत आमचं. नळात शिरलं की परकं."

पाणीपुरवठा विभागात प्रयोगशाळेचा पत्रव्यवहार जायचा. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही पाइप बघतो हो. आतून काय वाहतं तो आमचा विषय नाही."

तिन्ही विभागांनी इतकी वर्षं प्रयोगशाळेला दुसऱ्याचं लेकरू समजून सांभाळलं होतं. आता आई कोण हे ठरवायची वेळ आली, तेव्हा तिघांनीही कानांवर हात ठेवले.

शेवटी त्या तळघरातल्या तक्ता कक्षात गेल्या. तिथे एक आरेखक होता. उभ्या हयातीत त्याने सरकारच्या रचनेचा तक्ता सोडून दुसरं काही काढलं नव्हतं, म्हणून त्याला सगळे रेघोटे म्हणत. स्वतःचं खरं आडनाव त्याला निवृत्तीच्या कागदांवरच आठवेल, अशीही बोलवा होती. तक्त्याने सबंध भिंत व्यापली होती. वर तीन खोडं: कायदे करणारे, कायदे राबवणारे, आणि या दोघांचं काय चुकलं ते सांगणारे. मधलं खोड सगळ्यांत जाड. त्याला विभाग फुटलेले, विभागांना संचालनालयं, संचालनालयांना जिल्हा कार्यालयं, आणि पार खाली, मुंग्यांच्या रांगेसारखी, कार्यासनं.

"मंत्री पेन्सिलीने का काढलेत?" बाईंनी विचारलं.

"बदलतात. सचिव शाईने."

"आणि कार्यासनं इतकी बारीक?"

"काम तिथे होतं ना. चौकोन मोठा केला तर माणसं मागतील." रेघोट्याने फूटपट्टी उचलली. "अखंड रेघ म्हणजे ज्याचा हुकूम ऐकायचा तो. ठिपक्यांची रेघ म्हणजे ज्याचा सल्ला घ्यायचा आणि मग आपल्याच मनासारखं करायचं तो. तुमची खोली कुठली?"

"सतरा-अठरा."

फूटपट्टी खालच्या रांगांवरून फिरली, कुठेच थांबली नाही, आणि एकदम वर गेली. सगळ्या विभागांना वळसा घालून एक अखंड रेघ थेट मुख्य सचिवांच्या चौकोनातून निघाली होती, आणि तिच्या टोकाला एक छोटा चौकोन होता. 'पाहणी शाखा. खोली क्र. १७ व १८. कोणत्याही कार्यालयाची, पूर्वसूचना न देता, पाहणी करण्याचे अधिकार.'

बाईंनी तो तीनदा वाचला. "ही पाणी शाखा असायला हवी. पाणी. मध्ये ह कुठून आला?"

"मी नाही घातला. शासन निर्णयात आहे." रेघोट्याने कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचा कागद काढून समोर धरला. "ही बघा, ढळढळीत पाहणी. तुम्ही विभागाच्या खाली नाहीच आहात बाई, विभागांच्या वर आहात. किल्लीसाहेबांनी खाली शोधलं, म्हणून सापडला नाहीत."

किल्लीसाहेब म्हणजे वास्तू शाखेचे प्रमुख. इमारतीतल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. चालताना त्यांच्या खिशातून जो आवाज येई, त्याने अख्खा मजला खुर्चीत ताठ बसे. सतरा आणि अठरा नंबरच्या खोल्यांना त्यांनी पहिल्यापासून पाण्यात पाहिलं होतं. त्या खोल्यांना पूर्वेच्या खिडक्या होत्या आणि साहेबांच्या खोलीला नव्हत्या.

संध्याकाळी बाईंनी ही गोष्ट घरी आईला सांगितली. आई त्याच इमारतीत तीस वर्षं टंकलेखिका होती. आता निवृत्त होऊन ती शब्दकोडी सोडवायची आणि ती काढणाऱ्याला शिव्या घालायची.

"दाखव तो कागद," आई म्हणाली. बाईंनी नक्कल दिली. आईने चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हे माझं आहे."

"म्हणजे?"

"माझं टंकन. हा वेलांटीचा खिळा बघ, मोडका. माझंच यंत्र." आईने कागद खाली ठेवला. "त्या आठवड्यात रस्ते पाहणी, शाळा पाहणी, पीक पाहणी, सगळे अहवाल एकदम आले होते. दिवसभर पाहणी-पाहणी बडवत होते. संध्याकाळी तुमचा कागद आला. पाणी आलं समोर, आणि बोटं गेली आपसूक."

"कुणी तपासलं नाही?"

"सात सह्या आहेत त्याच्यावर. सही करणारा वाचतो होय?" आईने कागद पुन्हा उचलला. "आता माझं पेन्शन अडवतील का गं, ह साठी?"

"एका ह साठी नाही अडवत."

"मग तू कशाला एवढी तोंड पाडून बसलीस? मुख्य सचिवांच्या खाली आहेस. उद्या जा आणि त्या किल्लीवाल्याची पाहणी कर."

"चुकून मिळालेला अधिकार आहे तो, आई."

"बाकीच्यांना काय परीक्षा देऊन मिळालाय?"

बाईंना रात्रभर नीट झोप आली नाही. सकाळी त्यांनी एक मार्ग काढला. आपण पाहणी शाखा आहोत असं तोंडाने कुठे म्हणायचं नाही. आपल्याला जे येतं तेवढंच करायचं. अकरा वाजता त्या आणि मावशी बर्फाची पेटी घेऊन वास्तू शाखेत गेल्या.

"काय हे?" किल्लीसाहेबांनी विचारलं.

"तुमच्या पिण्याच्या पाण्याची पाहणी करायची आहे," बाई म्हणाल्या. वाक्य शब्दशः खरं होतं. त्यांनी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"कुणाच्या हुकमाने?"

मावशींनी शासन निर्णयाची नक्कल टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचली, आणि मुख्य सचिवांचा उल्लेख येताच खिशातल्या किल्ल्यांवर हात दाबून धरला. खोलीत एकदम शांत वाटलं. बाईंनी थंड पाण्याच्या यंत्राची तोटी ज्योतीने भाजली, पाणी थोडं वाहू दिलं, निर्जंतुक बाटली भरली आणि वर वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्याच्या पाचही परीक्षानळ्यांत वायूचे बुडबुडे होते, म्हणजे जिवाणू वाढले होते. बाईंनी अहवालात एका ओळीत लिहिलं: 'नमुन्यात विष्ठेतील जिवाणू आढळले. पिण्यास अयोग्य.' प्रत मुख्य सचिवांना. अखंड रेघ तिथेच जात होती, दुसरीकडे पाठवणं नियमाला धरून झालं नसतं.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत साहेबांच्या यंत्राची चर्चा झाली. छतावरच्या टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी उडालं होतं आणि आत कबुतरांचं कुटुंब नांदत होतं. टाकीच्या किल्ल्या अर्थातच साहेबांकडे होत्या.

साहेब हुशार होते. त्यांनी दोन दिवसांत ह शोधून काढला. शुक्रवारी ते स्वतः सतरा नंबरमध्ये आले आणि खुर्चीवर फुंकर मारून बसले.

"बाई, तुम्ही सरळ माणूस आहात. शास्त्र शिकलेल्या. ही टंकनाची चूक आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"आहे."

"मग शुद्धिपत्रक काढू. संबंधित शाखेची सहमती लागते, तेवढी सही करा. पाहणीचं पाणी झालं, की तुम्ही पुन्हा पाणी शाखा. आणि पाणी शाखेला तक्त्यात जागा नाही, म्हणजे खोल्यांचा प्रश्नही मिटला. मुदत वाटल्यास आठ दिवस वाढवतो."

"साहेब, कबुतरं गेली का?" मावशींनी मागून विचारलं. साहेबांनी ऐकलं नाही.

बाईंनी चाळीस शाळांच्या नळ्यांकडे पाहिलं. सहा शाळांचं पाणी अयोग्य निघालं होतं. सही नाकारणं शक्य होतं, पण मग जे नाही ते आहे असं रोज म्हणावं लागलं असतं, आणि एवढं खोटं पेलणारं शरीर त्यांचं नव्हतं. चूक ती चूक. "द्या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मसुदा पुढे केला. तो त्यांनी घाईने आणि रागाने स्वतःच लिहिला होता. एकही फट राहू नये, पाणी नावाचं काहीही दुसऱ्या खोलीत तगू नये, असा बंदोबस्त केला होता.

'शासनाच्या रचना-तक्त्यात व संबंधित सर्व आदेशांत जेथे जेथे "पाहणी" असा शब्द आला असेल, तेथे तेथे "पाणी" असे वाचावे. या दुरुस्तीने ज्यांच्या नावात "पाणी" हा शब्द येईल, ती सर्व कार्यालये खोली क्र. १७ येथील शाखेची समजावीत.'

बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला.

जेथे जेथे. रस्ते पाहणी पथक. शाळा पाहणी पथक. बांधकाम पाहणी कार्यालय. तक्त्याची ती भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, प्रत्येक जिल्ह्याच्या खाली एकेक चौकोन. पीक पाहणी तर पीकपाणी होऊन इतकी स्वाभाविक दिसली असती, की कुणाला दुरुस्ती झाल्याचंही कळलं नसतं.

"वाचलंत ना?" साहेबांनी विचारलं.

बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. बाईंनी पेन्सिल परत कानामागे ठेवली आणि पेन उचललं.

"वाचलं," त्या म्हणाल्या, आणि सही केली. तिच्यानंतर त्या कागदावर आणखी सहा सह्या झाल्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात चौकोन असलेली शाखा तक्त्यात दिसत नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सतरा नंबरसमोरच्या बोळात त्रेसष्ट माणसं उभी होती. रस्त्यांचे, शाळांचे, पिकांचे, सगळे निरीक्षक, हातात रुजू होण्याचे आदेश. मावशी त्यांना एकेक बाटली वाटत होत्या. गर्दी मावेना म्हणून एकोणीस नंबरची किल्ली मागवावी लागली. ती द्यायला किल्लीसाहेब स्वतः आले आणि बोळाच्या टोकाला बराच वेळ उभे राहिले.

"मी रस्ते बघतो हो," एक उंच निरीक्षक कुरकुरला. "रस्त्यात कसलं पाणी?"

"खड्ड्यात असतं की," मावशी म्हणाल्या. "धरा बाटली."

बाई दारात आल्या. "बाटली आतून विसळायची नाही. झाकणाच्या आत बोट घालायचं नाही. तोटी आधी भाजायची. वेळ लिहायची, अंदाजे नाही, घड्याळात बघून. ज्या सहा शाळा अयोग्य निघाल्यात तिथे आज कोण जातंय?"

कुणी हात वर केला नाही. मग मागून एक म्हणाला, "शाळा माझ्याकडे होत्या. म्हणजे आधी. अजूनही असतील."

"आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा रुजू आदेश हातात घेतला, नावातला दीर्घ ऊकार पेन्सिलीने ऱ्हस्व केला आणि कागद परत दिला.