नाव गाळलेली श्रोती

"नाव गाळलंस, पण माणूस कुठे गाळलास?" असं माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांच्या टेबलावर होतं आणि माझी दीड वर्षाची लेक टेबलाखाली त्यांच्या चपलेचा बंद चावत होती. तो तिच्या तोंडातून ओढता ओढता मी हो-हो म्हटलं. मनात म्हटलं, बाईंना सगळ्यातच खोट दिसते. ताप नसताना मुलीला दिवसातून तीनदा थर्मामीटर लावणारी मी. पण दुसऱ्याच्या जिवाची काळजी काही तेव्हा सुचली नाही.

माझा विषय होता एका समुद्राभोवतीचे सात देश आणि त्यांचे रेडिओ. सरकारं एकमेकांशी बोलत नसली तरी गाणी पलीकडच्या स्वयंपाकघरात कशी पोचतात, निवडणूक आली की निवेदकाचा सूर कसा बदलतो, हे शोधायचं होतं. तेवीस श्रोत्यांशी बोलले. त्या प्रकरणाचा जीव म्हणजे टेलिफोनमावशी.

मावशी एकटी राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कॉल जोडताना पलीकडच्या दोन भाषा कानावर पडून शिकलेली. (तिचं काम, मजला, सगळं इथे बदललंय. एकदा ठेच लागली तेवढी पुरे.) दुपारी ती एकच बातमी तीन देशांच्या केंद्रांवर ऐकायची आणि वहीत तीन रकान्यांत लिहायची. एकदा बोट बुडाली. एका केंद्रावर अकरा माणसं गेली, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर बोट बुडालीच नव्हती. खरं कुणाचं, असं विचारलं तर म्हणाली, "ज्याचं माणूस बोटीवर होतं त्याला विचार."

पलीकडच्या एका बायकांच्या कार्यक्रमाला ती दरमहा पत्र पाठवायची. तिथली निवेदिका ते वाचून दाखवायची आणि हिला 'पाण्यापलीकडची ताई' म्हणायची. मी टिपणं घेत असताना माझी लेक, जी सख्ख्या आजीकडेही जायला रडायची, मावशीच्या मांडीवर घोरत पडायची.

मी लिहिलं: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, शिंप्याच्या दुकानावर तिसरा मजला, दरमहा पत्र. नाव नाही. परिषदेत त्याच परिच्छेदाला टाळ्या पडल्या. गावात अशी बाई एकच आहे हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणुकीच्या महिन्यात इथल्या एका वर्तमानपत्राने तो परिच्छेद उचलला. मथळा होता, 'आपल्या गावातून पलीकडे पत्रं'.

मी लगेच धावत गेले, असं लिहायला बरं वाटलं असतं. गेले नाही. आठ दिवस घरात बसले. दार वाजलं की मुलीला कडेवर घेऊन भिंतीशी उभी. नवरा म्हणाला, जरा निवळू दे, आणि मलाही तेच ऐकायचं होतं. नवव्या दिवशी भाजीवालीकडून कळलं, की मावशीचा दूधवाला आता जिना चढत नाही, आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं म्हणून घरमालक शिंप्याने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय.

दुधाची पिशवी आणि मूल घेऊन गेले. बऱ्याच वेळाने दार साखळीएवढं उघडलं. लेकीला बघून साखळी निघाली. रेडिओ कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेला होता. मी रडायला लागले, म्हटलं, मावशी, मी फार चुकीचं लिहिलं.

"चुकीचं असतं तर मी चार लोकांत नाही म्हटलं असतं," ती दूध तापवत म्हणाली. "तू अगदी खरं लिहिलंस गं. त्याला नाही कसं म्हणू?"

मग तिने विचारलं, असे आणखी किती आहेत. मी म्हटलं, बावीस.

"मग इथे काय रडत बसलीयस? आधी त्यांचे मजले पुसून टाक जा."

मी प्रकरण मागे घेतलं. बाई माझ्याबरोबर बसल्या, बावीस जणांचे जिने, दुकानं, सवयी आम्ही एकेक करून मोडल्या. 'मी सांगितलं होतं' हे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पत्रं नुसती बायकांच्या कार्यक्रमाला होती, असा खुलासा वर्तमानपत्राने छापला, आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, चार ओळी. शिंप्याने तो वाचला, मान खाली घातली, पण शब्द काही फिरवला नाही.

महिनाअखेर मावशी वह्या आणि रेडिओ घेऊन गेली. कुठल्या गावी, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्याकडे आता तिचा पत्ता नाही, आणि नसलेलाच बरा.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या इमारतीत अलीकडे कुणी एकटी बाई राहायला आली असेल, फार बोलत नसेल, दुपारी दार लावून अगदी हळू आवाजात काही ऐकत असेल, तर एकदा जाऊन बघा. दूध येतंय का, जिना चढून कुणी येतं का. काय ऐकता ते विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा.